भाव आला की काढू

नाशिकमध्ये राहून घरी भाजी पिकवणं म्हणजे रामकुंडाच्या पायरीवर बसून पाण्याची बाटली विकत घेण्यासारखं आहे. उत्तरेला दिंडोरी, पश्चिमेला गिरणारे, पूर्वेला निफाड, पिंपळगाव, लासलगाव. पहाटे कुठल्याही नाक्यावर उभं राहा, कोबीने भरलेला टेम्पो अंगावरून जातोच. बुधवारी गंगेवर बाजार भरतो (गोदावरीला आम्ही नाशिककर गंगाच म्हणतो, कुणी दुरुस्त करायला येऊ नये). तिथे थंडीच्या दिवसांत मेथीवाल्या मावश्या पदर धरून थांबवतात. ‘‘घे वं ताई, दहाला दोन. बरं तीन घे. आता घे ना, घरी काय परत नेऊ?’’ अशा गावात आमच्या गल्लीतल्या सगळ्या रो-हाउसवाल्यांनी एका हिवाळ्यात शेती केली.

निमित्त टोमॅटोचं. 2023 च्या जुलैमध्ये टोमॅटो किलोला शंभराच्या वर गेला आणि गल्लीत खळबळ माजली. समोरच्या वहिनींनी सारात टोमॅटोऐवजी आमसूल घातलं, कोपऱ्यावरच्या काकांनी कोशिंबिरीत फोडी मोजल्या. मग गच्चीवर सभा भरली आणि ‘आपल्या मागे एवढी जागा पडली आहे, आपणच का लावू नये?’ असा ठराव एकमताने मंजूर झाला. पण लगेच कसं लावणार? पाऊस होता. पाऊस उघडला तर गणपती आले. मग पितृपक्षात कुणी शुभारंभ करतं का? मग नवरात्र. दरम्यान सप्टेंबरात टोमॅटो इतका कोसळला की कॅरेटचं भाडंही सुटेना म्हणून शेतकरी तो रस्त्यावर ओतू लागले. पण ठराव तो ठराव. भाव पडला म्हणून ठराव मागे घ्यायला आम्ही काय सरकार आहोत? दसऱ्याचं सोनं वाटून झालं आणि दुसऱ्या दिवशी घरोघर कुदळी निघाल्या.

आमच्या घरात या मोहिमेचं नेतृत्व ह्यांच्याकडे गेलं. हे सातपूरच्या एका कारखान्यातून क्वालिटी कंट्रोलमधून निवृत्त झाले आहेत, म्हणजे कारखान्यातून झाले, क्वालिटी कंट्रोलमधून नाही. घरात पोळीचा व्याससुद्धा अधूनमधून तपासला जातो. ह्यांनी कॉम्प्युटरवर वाफ्यांचा तक्ता केला, प्रत्येक वाफ्याला नंबर दिला, आणि मला ‘लावणी विभाग’ नेमून दिला. माझ्या सासूबाई निफाड तालुक्यातल्या, बागायतदार घरातल्या. त्या मागच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसल्या आणि शेवटपर्यंत उठल्या नाहीत.

खणायला सुरुवात केली तेव्हा कळलं, की बिल्डरने माहितीपत्रकात जिला ‘खासगी उद्यान’ म्हटलं होतं ती जागा म्हणजे त्याचं भंगारगोदाम होतं. विटांचे तुकडे, फरशीचे तुकडे, गोठलेल्या सिमेंटची अख्खी पोती, वायरचं भेंडोळं, आणि फूटभर खाली अर्धं वॉश-बेसिन. हे प्रत्येक वस्तू बाहेर काढून नीट रांगेत मांडत होते. सासूबाई म्हणाल्या, ‘‘अजून खणा. बिल्डरपण निघंल.’’

अशा जमिनीला खत पाहिजे. सासूबाईंचे धाकटे भाऊ, म्हणजे ह्यांचे मामा, द्राक्षवाले. ह्यांनी फोन केला.

‘‘मामा, थोडं शेणखत मिळेल का?’’

‘‘थोडं म्हंजे किती?’’

‘‘तुम्हाला योग्य वाटेल तेवढं.’’

मामांना एक ट्रॉली योग्य वाटली. संध्याकाळी ट्रॅक्टर गल्लीत शिरला, ड्रायव्हरने विचारलं, ‘‘शेत कुठंय?’’ मी दाखवलं. त्याने वाफ्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि काही न बोलता ट्रॉली फाटकासमोर उलटी केली. कुणाचीच गाडी बाहेर निघेना. गल्लीच्या ग्रुपवर रात्री दहापर्यंत ‘दुर्गंधी’, ‘अडथळा’, ‘महापालिका’ असे शब्द येत राहिले. सकाळी उठून पाहतो तर ढीग निम्मा. ग्रुपवर तक्रार करणाऱ्या प्रत्येकाच्या फाटकाशी घमेल्यातून सांडलेल्या शेणखताची एकेक रेघ.

मग पेरणी. मेथी लावायला अक्कल लागत नाही, टाकली की तीन-चार दिवसांत वर येते. म्हणून तर ती बागकाम करणाऱ्याला सुरुवातीला चढवून ठेवते. कोथिंबीर मात्र माणसाची परीक्षा बघते. धना अख्खा पेरायचा नसतो, रगडून त्याच्या दोन डाळी वेगळ्या करायच्या आणि मग पेरायच्या. सासूबाईंनी सांगितलं, ‘‘फरशीवर टाका आणि चपलेनं रगडा.’’ ह्यांना पद्धत अशास्त्रीय वाटली. चपलेचा दाब सगळीकडे सारखा पडत नाही. ह्यांनी लाटणं, इस्त्री आणि पाटा-वरवंटा यांची तुलनात्मक चाचणी घेतली. वरवंट्याखाली धनेपूड झाली, ती मी वरणात घातली. इस्त्रीखाली धने फुटण्याऐवजी भाजले गेले, कारण ती चालू होती. शेवटी मी पायातली चप्पल काढली. कोथिंबीर तिच्यामुळेच उगवली, दोन आठवड्यांनी का होईना.

गाजराबद्दल फार बोलण्यासारखं नाही. बिल्डरच्या विटा सगळ्या निघाल्या नव्हत्या. खाली वीट लागली की गाजर फाटे फोडून दोन्ही बाजूंनी पुढे जातं. आमच्या एकेका गाजराला दोन-दोन, तीन-तीन पाय होते. एकाने तर मांडी घातली होती. ह्यांनी व्हर्नियर कॅलिपर आणला होता, पण पायाचा घेर मोजायचा की मांडीचा, हे ठरेना.

मुळ्याची पानं मात्र अशी काही माजली की येणारा-जाणारा थांबून बघे. शेणखत जास्त झालं की पाला वाढतो आणि खालचा कांदा-मुळा पोसत नाही, हे सासूबाईंना ठाऊक होतं. पण त्यांना कुणी विचारलं नव्हतं. एक दिवस हौसेने उपटला तर खाली उंदराची शेपटी. पुढे मुळ्यांना फुलं आली, शेंगा आल्या. मी हताश होऊन सगळं काढून टाकायला निघाले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, ‘‘अगं, डिंगऱ्या आहेत त्या. भाजी कर. तेवढं तरी नीट आलंय.’’ डिंगऱ्यांची भाजी उत्तम झाली. ग्रुपवर फोटो टाकताना ह्यांनी लिहिलं, ‘यंदा मुद्दाम डिंगऱ्यांसाठी मुळा लावला होता.’

फ्लॉवरची रोपं मी एका नर्सरीतून आणली होती. फ्लॉवर, कोबी, नवलकोल ही एकाच कुळातली सख्खी भावंडं. लहानपणी तिघं सारखीच दिसतात, त्यांच्या आईलाही ओळखू येणार नाहीत. रोज सकाळी हे पानं बाजूला करून आत गड्डा धरलाय का पाहत. गड्डा नव्हता, पण खोड हळूहळू फुगू लागलं. ह्यांनी त्याला रोग ठरवलं. काकांनी आधी मूळकुज आणि मग सूत्रकृमी असं निदान केलं. इंटरनेटवरून तिसरा रोग सापडला. चार दिवस खोडांवर हळदीचा लेप दिला. सासूबाई त्या आठवड्यात लेकीकडे पंचवटीत होत्या, परत आल्या, ओट्यावर बसल्या आणि म्हणाल्या, ‘‘नवलकोलाला हळद कशापायी लावलीय?’’

किडींबद्दल सांगायचं तर आमच्या गल्लीत घरटी एक कृषितज्ज्ञ आहे. टोमॅटोवर मावा पडला तेव्हा एकाने राख सुचवली, एकाने आंबट ताक, एकाने तंबाखूचं पाणी, आणि ज्यांच्या घरात एकही कुंडी नाही त्यांनी दशपर्णी अर्क. हा अर्क दहा झाडांचा पाला, शेण आणि गोमूत्र एकत्र आंबवून महिनाभराने तयार होतो. काकांनी तो केला. महिनाभरात मावा आपोआप गेला, पण समोरच्या वहिनींकडे ठरलेला हळदीकुंकवाचा कार्यक्रमही गेला. आम्ही मात्र सेंद्रिय आणि अहिंसक मार्ग म्हणून हाताने किडे वेचले. काळ्या-केशरी, काटेरी, मगरीसारख्या दिसणाऱ्या अळ्या दिसल्या की ह्यांनी त्या वेचून साबणाच्या पाण्यात टाकल्या, संख्या तक्त्यात लिहिली आणि त्यांचा फोटो विजयचिन्ह म्हणून मामांना पाठवला. मामांचं उत्तर आलं, ‘लेडीबर्डची पिल्लं आहेत. मावा खातात. मित्रकीटक.’ ह्यांनी तक्त्यातला तो रकाना ‘स्थलांतरित’ असा केला.

नोव्हेंबर संपता संपता अवकाळी पाऊस आला. आमच्याकडे वारा-पाऊसच, पण त्यात टोमॅटोची दोन झाडं मोडली आणि वाटाण्याचा मांडव आडवा झाला. हे फार खचले. जेवले नाहीत. रात्री मामांना फोन लावला आणि एकेका झाडाचं वर्णन सुरू केलं: कुठल्या वाफ्यातलं, त्याला किती कळ्या होत्या, कुठल्या फांदीपासून तुटलं. मामा शांतपणे हुं-हुं करत होते. अखेर ह्यांनी विचारलं, ‘‘तुमच्याकडे कसं?’’

‘‘गारा पडल्या. बाग झोपली.’’

इकडे काही सुचेना. फोन स्पीकरवर होता, सासूबाई पदर तोंडाला लावून ऐकत होत्या. मामाच पुढे म्हणाले, ‘‘तुझा पंचनामा झाला का पण? दोन झाडं म्हनतोस ना? तलाठ्याला फोटो पाठीव.’’ आणि हसले. सासूबाईंनी फोन ओढून घेतला आणि आत नेला. त्यानंतर आठवडाभर आमच्या घरात टोमॅटोबद्दल कुणी दु:ख केलं नाही.

पुढे थंडी पडली. आमच्या जिल्ह्यात थंडी निफाडवरून मोजतात. तिथल्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा किती उतरला, हे रोज पेपरात पहिल्या पानावर येतं. डिसेंबर 2018 मध्ये तो दोन अंशांच्याही खाली गेला होता, आणि तेव्हापासून दर थंडीत गल्लीतली मंडळी निफाडचा आकडा आपल्या अंगणात मोजल्यासारखा सांगतात. थंडी वाढली की द्राक्षवाले पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, हे ह्यांना माहीत होतं. टोमॅटोशेजारी शेकोटी पेटली. धूर वर गेला नाही. तो काकांच्या खिडकीतून आत गेला आणि काका दशपर्णीची बादली घेऊन बाहेर आले. शेकोटीचा प्रयोग तिथेच थांबला.

मग पांघरूण. डाळिंबवाले बागेला जुन्या साड्या पांघरतात, ते मी देवळा-सटाण्याकडे जाताना पाहिलं होतं. शेकडो साड्या रांगेने, लांबून गावात लग्न असावं असं वाटतं. संध्याकाळी मी कपाटातल्या नको असलेल्या साड्या काढल्या. आपल्या कपाटात नको असलेल्या साड्या कुठल्या असतात? आहेरातल्या. फिकट पिवळ्या, ज्यांच्या पदरावर मोर की बदक कळत नाही त्या. हिरवा काठ, गुलाबी अंग, दोन्हींचं भांडण झालेल्या. पुढचा आहेर करायला म्हणून जपून ठेवतो, आणि नेमकी कुणी दिली होती ते आठवत नाही म्हणून पुढे देता येत नाहीत. सगळ्या टोमॅटोला नेसवल्या. कामाला आल्याचं समाधान झालं.

सकाळी समोरच्या वहिनी दूध घ्यायला आल्या आणि तारेच्या कुंपणापाशी थबकल्या.

‘‘टोमॅटोला चांगल्या दिसतात हो साड्या.’’

‘‘हो ना, थंडी फार आहे.’’

‘‘ती तिसऱ्या झाडावरची.’’

‘‘कुठली?’’

‘‘मोराची. तुमच्या वास्तुशांतीला मी दिलेली.’’

मी काहीतरी बोलायला हवं होतं. मागे ओट्यावरून सासूबाई म्हणाल्या, ‘‘अहो, म्हणूनच त्या झाडाला जास्त टोमॅटो लागलेत.’’ वहिनी दूध न घेताच गेल्या. दुपारी त्यांच्या वांग्यावर मी त्यांच्याकडच्या मुंजीला दिलेलं ओढणीचं कापड दिसलं. वांग्याला थंडी नव्हती, पण मला कळायला पाहिजे होतं.

हा प्रश्न मेथीने सोडवला. संक्रांतीच्या आसपास मी ग्रुपवर लिहिलं, ‘घरची सेंद्रिय मेथी तयार आहे. प्रत्येक घरी एक जुडी पोचवते.’ लिहिताना मला वाफा डोळ्यांपुढे मोठा दिसत होता. खुडायला बसले तेव्हा सगळी मिळून दीड जुडी झाली, आणि ती शिजवली तर मुठीत मावेल. बरं, शब्द दिलेला. आणि वहिनींशी तह करायचा तर त्यांच्याकडे पहिली जुडी जायला हवी. त्या दिवशी बुधवार होता, हा दैवी संकेतच म्हणायचा. गंगेवर मेथी ढिगाने होती. मावशी जुड्या निळ्या दोऱ्याने बांधून ठेवतात. मी इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाले, ‘‘मावशी, दोरे सोडून द्याल का? सुटीच पिशवीत भरा.’’

मावशींनी कपाळावर हात मारला. ‘‘आज समद्यांनाच बिनादोऱ्याची कशी लागती? आत्ताच तुमच्याच बाजूच्या एक बाई गेल्या. त्यांनी पालक सोडून नेला. वर माती पन लावून मागितली.’’

संध्याकाळी मी वहिनींकडे मेथी घेऊन गेले. त्यांनी पिशवीत नाक घालून दीर्घ श्वास घेतला. ‘‘घरच्या मेथीला वासच वेगळा.’’ आणि आतून मला पालक आणून दिला. माती भरपूर लावलेली होती. मी म्हटलं, ‘‘घरचा पालक कसा लगेच कळतो बघा.’’ आमचं पुन्हा उत्तम जमलं आणि साड्यांचा विषय परत निघाला नाही.

टोमॅटोही आले, जानेवारीत. तेव्हा बाजारात त्यांच्याकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं. आम्ही बघितलं. सार, चटणी, कोशिंबीर, भरीत, ऑम्लेट, सॉस. शेवटी कामवाल्या ताईंना दिले, तर त्या नम्रपणे म्हणाल्या, ‘‘चार नंबरवाल्यांनी पन दिलेत, पाच नंबरवाल्यांनी पन.’’

आता कांदा. लासलगाव आशियातली सगळ्यात मोठी कांद्याची बाजारपेठ, आणि आमच्या घरापासून तासा-दीड तासावर. त्या जिल्ह्यात दहा फूट वाफ्यात उन्हाळ कांदा लावायला माणूस निवृत्तच असावा लागतो. रोप मामांनी दिलं. ह्यांनी फूटपट्टी लावून दोन रोपांत अगदी तेवढंच अंतर ठेवलं आणि लावणी संपवून कंबर धरून उभे राहिले, तेवढ्यात टीव्हीवर बातमी: 8 डिसेंबरपासून कांद्याला निर्यातबंदी.

हे खुर्चीत बसले. ‘‘हे काय चाललंय? आत्ताच लावणी झाली आणि आत्ताच बंदी?’’

‘‘आपण कुठे निर्यात करणार होतो?’’

‘‘प्रश्न तो नाही.’’

त्या दिवसापासून ह्यांचा चहा लासलगावचे भाव पाहिल्याशिवाय होईना. किमान, कमाल, सरासरी. क्विंटलमध्ये. आमच्या वाफ्यात सगळे मिळून किती किलो निघतील यावर मी बोलायला गेले की हे सरकारच्या धोरणावर येत. काकांशी भांडून झालं. ज्यांनी आयुष्यात कधी मोर्चा पाहिला नाही त्यांनी ग्रुपवर ‘बळीराजा’ या विषयावर लांबलचक मजकूर टाकला. मामा एकदा आले, वाफा पाहिला, दोन रोपांना आलेले डेंगळे खुडून टाकले आणि म्हणाले, ‘‘भाच्या, एवढा राग मला पन नाय येत. मला परवडत नाय.’’

एप्रिलमध्ये निम्म्या पातीच्या माना पडल्या, तेव्हा काढणी केली. कांदे लहान, पण लालबुंद आणि कडक. काही जोडकांदे, ते ह्यांनी ‘रिजेक्ट’ म्हणून वेगळे केले. चांगले पातीखाली झाकून वाळवले, माना तेवढ्या ठेवून पात कापली आणि मागच्या पडवीत दोन कॅरेट विटांवर ठेवून ‘चाळ’ केली. खालून हवा खेळली पाहिजे. बिल्डरच्या विटा अखेर उपयोगी पडल्या. मी पातेलं घेऊन गेले तर हे आडवे आले.

‘‘आत्ता नाही. भाव पडलेत.’’

‘‘अहो, मला पोहे करायचेत.’’

‘‘बंदी उठू दे. भाव आला की काढू.’’

मी कांदे विकत आणले. घरात दोन कॅरेट कांदा आणि मी पिशवी घेऊन बाजारात. मेमध्ये बंदी उठली. मला वाटलं, आता चाळ उघडेल. पण बंदी उठवताना निर्यातशुल्क ठेवलं होतं. हे म्हणाले, ‘‘अजून थांबू.’’ मी पुन्हा पिशवी घेतली. रोज सकाळी हे चाळीपाशी जाऊन कांदे एकेक उलटून पाहत, मोजत, तक्त्यात लिहीत.

एका सकाळी पडवीतून हाक आली. ‘‘चार कमी आहेत!’’

आदल्या रात्री सासूबाईंनी पिठलं केलं होतं. मी भांडी घासत खाली मान घातली. सासूबाई ओट्यावरच्या खुर्चीत माळ ओढत होत्या. त्यांनी डोळे उघडले नाहीत.

‘‘सड धरावी लागते रे चाळीत,’’ त्या म्हणाल्या. ‘‘लिहून टाक.’’

ह्यांनी लिहून टाकलं.